धडकेचे गणित : वेगाची साक्ष देतो रस्ताच!

पनवेल, प्रतिनिधी

कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग सुरू होतो, तर पळस्पे फाट्यावर गोव्याची वाट पुण्याच्या जुन्या रस्त्यापासून वेगळी होते. वाहनांचे इतके प्रवाह जेथे एकत्र येतात, तेथे अपघातानंतर पहिला वाद उद्भवतो तो वेगाचा. दोन्ही चालक आपले वाहन हळू असल्याचे सांगतात. एखादा चालक दगावला असेल, तर त्याची बाजू मांडणारे कोणीच उरत नाही. प्रश्न केवळ शिक्षेचा नसतो. भरपाई मागणाऱ्या पक्षाचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्या प्रमाणात रक्कम घटते. अशा वेळी अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानातील संवेग अक्षय्यतेचा नियम साक्षीदाराचे काम करतो.

संवेग टिकतो, ऊर्जा जिरते

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. त्याला दिशा असते. टक्कर क्षणार्धात घडते. तेवढ्या वेळात रस्त्याच्या घर्षणाचा परिणाम नगण्य असतो. त्यामुळे दोन्ही वाहनांचा मिळून संवेग धडकेपूर्वी जितका व ज्या दिशेने असतो, तितकाच व त्याच दिशेने धडकेनंतरही राहतो. गतिज ऊर्जेचे तसे नाही. कॅरमच्या पटावर स्ट्रायकर सोंगटीवर आदळला, तर दोघांची मिळून बरीचशी ऊर्जा गतीच्याच रूपात राहते. मोटारींच्या धडकेत मात्र तिचा मोठा भाग पत्रा चेपण्यात, काचा फुटण्यात, आवाजात आणि उष्णतेत खर्ची पडतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १,००० किलोची मोटार ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने पूर्वेकडे निघाली आहे. ३,००० किलोचा भरलेला टेम्पो ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने उत्तरेकडे जात आहे. मोटारीचा संवेग पूर्वेकडे २०,०००, तर टेम्पोचा उत्तरेकडे १५,००० एकक. दोन्ही काटकोनात असल्याने त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते : २५,०००. वाहने एकमेकांत अडकली, तर ४,००० किलोचा तो सांगाडा पूर्वेपासून उत्तरेकडे ३७ अंश कललेल्या दिशेने, सेकंदाला ६.२५ मीटर वेगाने घसरेल.

आता ऊर्जेचा हिशेब. धडकेपूर्वी ती २,३७,५०० ज्यूल होती, नंतर उरते ७८,१२५. म्हणजे दोन तृतीयांश ऊर्जा गाड्या आणि त्यांतील माणसांची हाडे यांच्यावर क्षणार्धात खर्ची पडली.

उलटा प्रवास

तपासात हेच गणित उलटे मांडले जाते. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ मानल्यास वरील वाहने सुमारे २.८५ मीटर घसरून थांबतील. पंचनाम्यात ती लांबी व कोन अचूक नोंदवला असेल, तर धडकेनंतरचा वेग आणि त्यावरून २५,००० एकक संवेग मिळतो. त्याचे पूर्वेकडील व उत्तरेकडील घटक वेगळे करून वाहनांच्या वस्तुमानांनी भागले, की दोघांचेही मूळ वेग हाती येतात. समोरासमोरच्या धडकेत हा नियम एकच समीकरण देतो. चौकातील धडकेत दिशा दोन असल्याने समीकरणेही दोन मिळतात.

'मी ताशी ४०नेच होतो' असे मोटारचालकाने म्हटले, तर? टेम्पोचा वेग तोच असता सांगाडा ३७ नव्हे, ५३ अंशांच्या दिशेने गेला असता. खुणा वेगळे सांगत असतील, तर जबाब टिकत नाही.

अर्थात या गणिताला मर्यादा आहेत. ओला रस्ता, वाहनातील मालाचे नेमके वजन, धडकेनंतर वेगळी होऊन उलटलेली वाहने यांमुळे उत्तर एका आकड्यात न येता पल्ल्यात येते. शिवाय हा वेग धडकेच्या क्षणाचा असतो. त्याआधी ब्रेक लावला असल्यास त्या खुणांचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो. खुणा पुसण्यापूर्वी मोजमाप न झाल्यास सारेच व्यर्थ.

दुभाजकाचा धडा

दिशेचे महत्त्व दुभाजकालाही लागू पडते. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार १५ अंशांच्या कोनात कठड्याला घासली, तर कठड्याच्या दिशेने तिचा वेग जेमतेम २६ किलोमीटर असतो आणि एकूण ऊर्जेचा सुमारे ७ टक्के भागच त्याला थोपवावा लागतो. कोन ३० अंश झाला, की हाच वाटा २५ टक्क्यांवर जातो. कठड्याच्या उघड्या टोकावर सरळ आदळल्यास सवलत नाहीच.

द्रुतगती महामार्गावर २३ डिसेंबर २०१२ रोजी दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोच्या धडकेत अभिनेते आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे यांचा मृत्यू झाला. पुढील काळात या मार्गाच्या दुभाजकात तारेच्या दोरखंडांचे अडथळे बसविण्यात आले. वाहनाला पलीकडे जाऊ न देता ताणले जाऊन त्याची ऊर्जा हळूहळू शोषणे, हे त्यांचे काम.

वेग ताशी ८० वरून १०० झाला, की संवेग २५ टक्क्यांनी वाढतो. पण गतिज ऊर्जा ५६ टक्क्यांनी. घाईत वाचलेल्या काही मिनिटांची ही किंमत ॲक्सिलरेटर दाबण्यापूर्वीच ठरलेली असते.