रेषा उतरली, रोग उतरला काय?

रुग्णवृत्तान्तासोबत ज्वराचा आलेख जोडण्याची पद्धत वैद्यवर्गात आता चांगली रुळली आहे. लाइपझिगचे कार्ल वुंडरलिख यांच्या १८६८ सालच्या ग्रंथाने तापमानाच्या नियमित नोंदींना रुग्णपरीक्षणात प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि आलेख काढणे आणि त्यावरून अनुमान करणे ही दोन भिन्न कर्मे आहेत.

प्रथम अक्ष पाहावेत. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर तापमान असते. उभा अक्ष ९८ ते १०० अंश फॅरनहाइट एवढाच घेतला, तर अर्ध्या अंशाची घटही कडेलोटासारखी भासते. तोच ९० ते ११० घेतला, तर तीच रेषा जवळजवळ सपाट दिसते. तसेच प्रत्यक्ष नोंद असते ती केवळ बिंदूंची. बिंदूंना जोडणारी रेषा हे आपले अनुमान असते.

विषमज्वराच्या संदर्भात ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सततज्वर अहोरात्रात दोन वेळा येतो. केवळ सकाळी एकदाच तापमान घेतल्यास हे दोन्ही वेग निसटू शकतात आणि आलेख निर्दोष दिसतो. तृतीयक ज्वर एक दिवस आड येतो. व्हायव्हॅक्स हिवतापात हे अंतर सुमारे ४८ तासांचे असते. ज्वराच्या दिवशी औषध दिले आणि दुसऱ्या दिवशी रेषा खाली आली, तर ते यश औषधाचे की पाळीचे? पुढच्या दोन-तीन पाळ्या ज्वराविना गेल्याखेरीज त्यास उपशय म्हणता येणार नाही. आणि हिवतापाची शंका असताना रक्ततपासणी कदापि टाळू नये.

याहून गंभीर प्रसंग डेंग्यूचा. त्यात ज्वर बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि नेमक्या त्याच सुमारास काही रुग्णांत रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो. तापमानाची रेषा खाली येत असताना हिमॅटोक्रिटची रेषा वर चढते व प्लेटलेटची संख्या घसरते. या तिन्ही रेषा एकाच कालाक्षावर मांडल्यास धोका स्पष्ट दिसतो. केवळ तापमान पाहणाऱ्यास मात्र रुग्ण बरा झाल्याचा भ्रम होतो. अशा वेळी तीव्र उदरशूल, वारंवार वमन, हिरड्यांतून रक्तस्राव, अस्वस्थता वा ग्लानी यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आपल्या शास्त्रानेही ज्वरमुक्तीचा निर्णय केवळ संताप शमण्यावर सोपविलेला नाही. लाघव, क्षवथू, अन्नाची इच्छा ही लक्षणेही पाहावयास सांगितली आहेत. आलेख हा या परीक्षणाचा साहाय्यक होय, पर्याय नव्हे.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी आलेख काढताना काही पथ्ये पाळावीत. तापमान दिवसातून किमान चार वेळा, ठरावीक वेळी व शरीराच्या एकाच स्थानी घ्यावे. औषधारंभ बाणाने दाखवावा. रुग्णाने पॅरासिटामॉल घेतले असल्यास ती वेळही नोंदवावी, अन्यथा त्याचा प्रभाव आपल्या योगाच्या नावे जमा होईल. ज्या वेळची नोंद राहिली असेल तेथे रेषा खंडित ठेवावी, अंदाजाने जोडू नये. चिकित्सेपूर्वीच्या नोंदी उपलब्ध असल्यास त्याही अवश्य मांडाव्यात. रेषा औषधापूर्वीच उतरू लागली होती काय, हे त्यांवरूनच कळते.