गादी (अंथरूण)

कापडी खोळीत कापूस, काथ्या, फोम किंवा स्प्रिंगा भरून तयार केलेल्या झोपण्याच्या साधनास गादी म्हणतात. मराठीत या शब्दाचा अर्थविस्तार मोठा आहे. सातारा व कोल्हापूर येथील छत्रपतींच्या राजपदांनाही गादीच म्हटले जाते आणि महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी असे कुस्तीचे दोन विभाग असतात. प्रस्तुत लेखात शरीराला व हवामानाला मानवणारी झोपण्याची गादी कशी निवडावी याचे विवेचन असून, स्थानिक संदर्भ पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसराचा आहे.

कणा व गादीचा कडकपणा

गादी जितकी कडक तितकी ती पाठीला हितकारक, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली आहे. कंबर दुखू लागली की लाकडी फळीवर अथवा जमिनीवर झोपण्याचा सल्ला घरातील वडीलधारी मंडळी देतात. या समजुतीला शास्त्रीय आधार मात्र फारसा नाही. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांवर स्पेनमध्ये केलेला अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९० दिवसांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडल्याचे आढळले.

याचे कारण कण्याच्या बाकात आहे. मनुष्य उताणा झोपला असता नितंब व खांदे गादीला टेकतात, कंबर मात्र किंचित उचललेली राहते. गादी फार कडक असेल तर कंबरेखाली पोकळी उरते, आणि फार मऊ असेल तर नितंब खाली रुतून कणा झोळीसारखा वाकतो. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा व कटी गादीत थोडी रुतणे आवश्यक असल्याने त्याला तुलनेने मऊ गादी मानवते, तर पालथे झोपणाऱ्याला कडक. सडपातळ माणसाला जी गादी टणक भासते तीच वजनदार माणसाला मऊ वाटते. म्हणून एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याने गादी घेणे व्यर्थ होय. दुकानात हाताने दाबून पाहण्यापेक्षा आपल्या नेहमीच्या स्थितीत दहा-पंधरा मिनिटे पडून पाहावे. उताणे असताना कंबरेखालून हात सहज आरपार गेला तर गादी कडक समजावी, मुळीच शिरला नाही तर मऊ.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला सपाट व घट्ट गादीच हवी, कारण मऊ गादीत तोंड रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

भरावाचे प्रकार

कापसाची गादी ही परंपरागत गादी. पिंजारी धुनकीच्या ताणलेल्या तातीवर आघात करून दबलेला कापूस मोकळा करतो, खोळीत सारखा पसरतो व जागोजागी टाके घालतो. काही वर्षांनी तोच कापूस पुन्हा पिंजून नवी खोळ चढवता येते. ही सोय इतर कोणत्याही गादीत नाही. सावरीचा कापूस हलका व पाणी न धरणारा असला तरी लवकर दबतो, त्यामुळे तो उशांनाच अधिक योग्य.

काथ्याच्या तंतूंवर रबराचा लेप देऊन केलेली गादी कडक असते आणि तिच्यातून हवा खेळते. फोमच्या गादीवर घनमीटरमागे किलोग्रॅममध्ये घनता दिलेली असते. ३२ व ४० हे आकडे नेहमी आढळतात. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. घनता मुख्यतः टिकाऊपणा दर्शवते, आणि विक्रेते पुष्कळदा हा भेद स्पष्ट करत नाहीत. मेमरी फोमचा उगम १९६६ च्या सुमारास नासासाठी झालेल्या विमान-आसनांच्या संशोधनात आहे. तो शरीराच्या उष्णतेने मऊ होतो व उष्णता धरूनही ठेवतो. कोकणपट्टीच्या उकाड्यात हा दोषच ठरतो.

वसई-विरारमधील विचार

येथील पावसाळा दीर्घ असून हवा दमट व खारट असते. कापूस ओल शोषतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि कुबट वास येतो. दमट गादीत धुळीतील सूक्ष्म किडी वाढतात. दमा असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. आगाशी-अर्नाळ्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत स्प्रिंगा गंजण्याचीही भीती असते. अंगण किंवा गच्ची मिळत असेल त्या घरात कापसाची गादी आजही सोयीची, कारण पावसाळ्यापूर्वी व नंतर तिला कडक ऊन देता येते. फोम व लेटेक्स मात्र उन्हाने खराब होतात. त्यांना पंख्याखाली, सावलीत उभे करून वाळवावे.

नालासोपारा व विरारच्या एका खोलीच्या घरांत रात्री अंथरून सकाळी गुंडाळायची गादी लागते. तेथे जाड, जड गादी निरुपयोगी. फोमची गादी कायम फरशीवर ठेवल्यास खालच्या बाजूस बुरशी धरते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत या भागातील अनेक घरांत पाणी शिरले होते, आणि पुराच्या घाण पाण्यात पूर्ण भिजलेली फोमची गादी टाकूनच द्यावी लागते. चर्चगेटपर्यंत सुमारे ६० किलोमीटरचा लोकल प्रवास रोज उभ्याने करणाऱ्याला झोपेचे तास आधीच कमी मिळतात. त्याने गादीवर बेताचाच खर्च करावा, परंतु पलंगाच्या नक्षीपेक्षा गादीला प्राधान्य द्यावे. खरेदीपूर्वी पलंगाचे आतील माप इंचांत घ्यावे, आणि सहा फूट रुंदीची न वाकणारी गादी जिन्यातून वर जाते की नाही हेही पाहून ठेवावे.