जीडीबीचा नवा वाचक

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालता चालता कोसळला, की लिनक्सवर काम करणाऱ्यांचा हात आपसूक जीडीबीकडे जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला हा डीबगर. प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा, कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय साठलंय ते बघायचं आणि एकेक ओळ पुढे सरकायचं, हे त्याचं काम. आता हेच काम एआय एजंटही करू लागले आहेत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने तयार झालेल्या चॅटडीबीजीत तर भाषा-मॉडेल स्वतःच डीबगरला आज्ञा देतं. साहजिकच जीडीबीच्या सेटिंग्जची माहिती कुणासाठी आणि कशी लिहायची, हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे.

मुळात जीडीबी याबाबतीत कंजूष नाही. 'सेट'ने सेटिंग बदलायचं, 'शो'ने बघायचं. जीडीबीच्या सोर्समध्ये नवं सेटिंग घालताना त्यासोबत माहितीचा मजकूरही द्यावा लागतो: एक 'सेट'साठी, एक 'शो'साठी आणि एक सविस्तर मदतीसाठी. एजंटच्या दृष्टीने हे फार सोयीचं, कारण 'हेल्प' म्हटलं की मशीनवर जी आवृत्ती आहे तिचीच माहिती मिळते. बाराव्या आवृत्तीत 'सेट लॉगिंग ऑन' मागे पडून 'सेट लॉगिंग एनेबल्ड ऑन' आलं. जुन्या लेखांवर पोसलेलं मॉडेल मात्र पहिलंच रूप वापरण्याची शक्यता मोठी. म्हणून एजंटसाठीच्या टिपणात पहिली सूचना हीच हवी: आठवणीवर विसंबू नकोस, समोरच्या जीडीबीला विचार.

पण 'हेल्प' सेटिंगचा अर्थ सांगतं. कीबोर्डसमोर कुणीच नसताना काय होईल, हे त्यातून सहसा कळत नाही. आउटपुट लांबलं की जीडीबी पानापानाने दाखवतो आणि एंटर दाबण्याची वाट पाहत थांबतो. माणूस विचार न करता एंटर दाबतो. एजंटला टर्मिनल दिलेलं असेल तर तो तिथेच अडकू शकतो. उपाय एका ओळीचा आहे, 'सेट पेजिनेशन ऑफ'. 'बॅच' मोडमध्ये तर पानं पाडणं आणि खात्रीचे प्रश्न दोन्ही आपोआप बंद होतात.

त्याहून फसवी गोष्ट ब्रेकपॉइंटची. अजून लोड न झालेल्या लायब्ररीतल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट मागितला, तर जीडीबी विचारतो: लायब्ररी आल्यावर लावू का? इनपुट टर्मिनलवरून येत नसेल, तर तो स्वतःच 'नाही' असं उत्तर धरतो आणि पुढे जातो. ब्रेकपॉइंट लागतच नाही, प्रोग्राम शेवटपर्यंत पळतो, आणि एजंट निष्कर्ष काढतो की ते फंक्शन कधी चाललंच नाही. तेव्हा टिपणात 'सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन' एवढंच लिहून भागणार नाही. ते नसेल तर कोणता चुकीचा निष्कर्ष निघतो, हेही लिहायला हवं.

अ‍ॅरे छापताना मुळात २०० घटकांची मर्यादा असते, आणि पुढचं सगळं तीन टिंबांत जातं. ती टिंबं नजरेतून सुटली, तर २०१ वा घटक अस्तित्वातच नाही असं वाटू शकतं. 'सेट' या आज्ञेचाही एक जुना सापळा आहे, आणि तो खुद्द मॅन्युअलमध्येच नोंदवलेला आहे. प्रोग्राममध्ये 'जी' नावाचं व्हेरिएबल आहे म्हणून 'सेट जी=४' लिहिलं, तर व्हेरिएबल तसंच राहतं आणि 'ग्नूटार्गेट' हे भलतंच सेटिंग बदलतं. तिथे 'सेट व्हार' लिहावं लागतं.

२०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून जीडीबीत डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉलची, म्हणजे इतर साधनांनी डीबगरशी बोलण्याच्या ठरावीक पद्धतीची, सोय आली. त्याआधीपासून मशीनसाठीचा एमआय इंटरफेस आहेच. त्यामुळे उत्तरं नीट रचलेल्या स्वरूपात मिळतात. कोणतं सेटिंग केव्हा आणि का बदलायचं, हे मात्र कुणीतरी लिहूनच ठेवावं लागतं.

आणि कोणतं बदलायचं नाही, हेही. अनोळखी प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जीडीबीची स्क्रिप्ट असेल तर ती आपोआप चालू नये, म्हणून 'ऑटो-लोड सेफ-पाथ' हे सेटिंग आहे. जीडीबी अशी स्क्रिप्ट अडवतो, इशारा देतो, आणि त्याच इशाऱ्यात ती चालवायची असेल तर काय लिहायचं तेही सांगतो. संरक्षण साफ काढून टाकण्याची ओळसुद्धा. माणूस तिथे दोन क्षण थांबून फोल्डर कुणाचा आहे ते बघतो. आज्ञाधारक एजंट मात्र ती ओळ सूचना समजून पाळू शकतो. पानं पाडणं बंद कर, मर्यादा वाढव, हे त्याला बेलाशक सांगावं. या एका सेटिंगपुढे मात्र 'माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नकोस' असं स्पष्ट लिहावं, कारण जीडीबीचा इशारा ते सांगत नाही.