सौरऊर्जेची साठवण : बॅटरीची निवड (लेखांक सहावा)

मागील लेखांकात घराच्या गरजेनुसार सौर पॅनेलची क्षमता कशी ठरवावी याचे विवेचन झाले. महावितरणची वाहिनी जिथे पोहोचलेली नाही, अशा सातपुड्यातील पाड्यावर किंवा गावापासून दूरच्या शेतघरात सूर्य मावळल्यानंतरचा सगळा वापर बॅटरीवर चालतो. आणि पॅनेल पंचवीस वर्षे टिकत असले तरी तेवढ्या काळात बॅटरी अनेकदा बदलावी लागत असल्याने संचाचा दीर्घकालीन खर्च मुख्यतः तीच ठरवते. म्हणून बॅटरी रोज किती खोलवर रिकामी होणार आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण भरणार की नाही, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी सोडवले पाहिजेत.

गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे तत्त्व आजही तेच आहे. वीज काढली जात असताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमते व गंधकाम्ल पातळ होत जाते, आणि चार्जिंगच्या वेळी ही क्रिया उलटते. गाडीच्या बॅटरीत इंजिन सुरू करण्यासाठी काही सेकंद प्रचंड प्रवाह लागतो, म्हणून तिच्या प्लेटा पातळ व संख्येने जास्त असतात. तीच बॅटरी रोज रात्री निम्मी रिकामी केली, तर त्या प्लेटांवरील क्रियाशील द्रव्य झडते आणि ती लवकर निकामी होते. ट्युब्युलर बॅटरीत मात्र धन प्लेटेचे द्रव्य शिशाच्या काड्यांभोवती, विणलेल्या पॉलिएस्टरच्या नळ्यांत भरलेले असते, त्यामुळे ते झडत नाही. रोजच्या खोल वापरासाठी बनवलेल्या अशा बॅटरीला डीप-सायकल बॅटरी म्हणतात.

बॅटरीवर छापलेला ॲम्पिअर-तासांचा, म्हणजेच एएचचा, आकडा वाचताना त्याच्यापुढील सी-१० किंवा सी-२० ही खूणही वाचली पाहिजे. १५० एएच, सी-१० याचा अर्थ ती बॅटरी १५ ॲम्पिअरचा प्रवाह दहा तास देऊ शकते. सी-२० वर तोच आकडा असेल, तर ती साडेसात ॲम्पिअर वीस तास देते, आणि तिच्याकडून दहा तासांत वीज काढू गेल्यास पूर्ण १५० एएच मिळत नाहीत, कारण प्रवाह वाढला की शिसे-आम्ल बॅटरीची उपयुक्त क्षमता घटते. सौर बॅटरीचा आकडा सामान्यतः सी-१० वर, तर घरगुती इन्व्हर्टर बॅटरीचा सी-२० वर दिलेला असल्याने दोहोंची थेट तुलना फसवी ठरते.

नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, तीस वॅटचे दोन बीएलडीसी पंखे आठ तास, पन्नास वॅटचा टीव्ही तीन तास आणि मोबाइलचे चार्जिंग एवढा वापर धरला, तर दिवसाला सुमारे ८३० वॅट-तास लागतात. इन्व्हर्टरमधील घट मिळवून ही गरज जवळजवळ १,००० वॅट-तास होते. दोन ढगाळ दिवसांची तरतूद म्हणून २,००० वॅट-तास हाताशी हवेत. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी न करणे हितावह असल्याने एकूण साठा ४,००० वॅट-तासांचा लागतो, आणि तो १२ व्होल्ट, २०० एएचच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून सहज भागतो. मात्र २०० एएचला सुमारे २० ॲम्पिअरचा चार्जिंग प्रवाह मिळावा, यासाठी २४ व्होल्टच्या या संचाला किमान सहाशे वॅटचे पॅनेल लागते. पॅनेल तेवढेच ठेवून केवळ बॅटरी वाढवली, तर ती कधीच पूर्ण भरत नाही, अर्धवट भरलेल्या अवस्थेत प्लेटांवरचे सल्फेट कठीण होते, आणि सल्फेशन नावाच्या या दोषाने जास्त पैसे देऊन घेतलेली मोठी बॅटरी लहान बॅटरीच्याही आधी संपते.

हा दोष प्राथमिक अवस्थेत हायड्रोमीटरने ओळखता येतो. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीच्या आम्लाची सापेक्ष घनता साधारण १.२४ असते, बॅटरीच्या सहापैकी पाच घरांत (सेलमध्ये) ती १.२४ आणि एकात १.१८ दिसली, तर ते घर मागे पडले आहे, असे समजून डिस्टिल्ड वॉटरची पातळी तपासून दीर्घ समकारी चार्जिंग द्यावे. उष्णता हाही मोठा शत्रू आहे, कारण तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिल्यास शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते; विदर्भात पत्र्याच्या खोलीऐवजी सावलीची, हवेशीर जागाच तिला द्यावी.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत रिकामी करता येत असल्याने वरील घराला २५.६ व्होल्ट, १०० एएचची, म्हणजे २,५६० वॅट-तासांची एकच बॅटरी पुरते. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, आणि प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर अंतर्गत नियंत्रक लक्ष ठेवतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर, जिथे जुलै-ऑगस्टमध्ये बॅटरी कित्येक दिवस पूर्ण भरत नाही, तिथे तिचा खरा लाभ दिसतो, कारण अर्धवट भरलेली राहिल्याने तिचे नुकसान होत नाही. पहिली किंमत जास्त असली, तरी वापरता येणारी ऊर्जा आणि आवर्तनांची संख्या यांचा गुणाकार करून हिशेब मांडल्यास ती बहुधा परवडते. उलट जिथे ऊन भरपूर आहे, महिन्याकाठी पाण्याची पातळी पाहणारे माणूस घरात आहे, आणि जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती होते, तिथे ट्युब्युलर बॅटरी आजही योग्य ठरते. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत दिल्यास शिशाचे मोलही वळते होते. कोणताही पर्याय निवडला, तरी चार्ज कंट्रोलरची मांडणी त्या प्रकाराला अनुरूप असावी लागते, आणि ती कशी करावी याचा विचार पुढील लेखांकात होईल.