बालचित्रपुस्तकातील अंधाराचे भय : एक आकलन

मार्टिन वॉडेल लिखित व बार्बरा फर्थ चित्रित ‘कान्ट यू स्लीप, लिटल बेअर?’ (१९८८) हे इंग्रजी चित्रपुस्तक मुलांच्या अंधारभयाचा वेध घेते. गुहेतील अस्वलाच्या पिल्लाला अंधारामुळे झोप येत नाही. मोठे अस्वल आपले वाचन थांबवून क्रमाक्रमाने अधिक मोठे कंदील आणते; तथापि गुहेबाहेरचा अंधार उरतोच. अखेर ते पिल्लाला बाहेर नेऊन चंद्र व तारे दाखवते. मात्र तोपर्यंत पिल्लू त्याच्या कुशीत झोपी गेलेले असते. म्हणजेच भय ओसरते ते केवळ प्रकाशाने नव्हे, तर सोबतीने. ‘घाबरू नकोस’ असा उपदेश येथे नाही. मुलाची भीती खरी मानलेली आहे. म्हणूनच केवळ बोधाच्या निकषावर बालसाहित्याचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.