जुन्या पर्यटन कॅरॅव्हॅनच्या अंतर्भागाचा जीर्णोद्धार

जुन्या पर्यटन कॅरॅव्हॅनच्या अंतर्भागाचा जीर्णोद्धार म्हणजे मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या जुन्या फिरत्या घराच्या आतील भिंती, छत, जमीन, लाकडी सामान, गाद्या, दिवे आणि स्वयंपाकाची सोय यांची मूळ स्वरूपाला धरून केलेली दुरुस्ती होय. सुतारकाम, पत्राकाम, पॉलिश, शिवणकाम, वायुजोडणी आणि वीजजोडणी अशी अनेक कौशल्ये या कामात एकत्र येतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटनमध्ये १९३० ते १९७० या काळात लाकडी सांगाड्यावर बांधलेल्या कॅरॅव्हॅनचा विचार केला आहे.

शब्द आणि व्याप्ती

इंग्रजीतील कॅरॅव्हॅन हा शब्द फारसी 'कारवान' या शब्दापासून आला आहे. एकत्र प्रवास करणाऱ्यांचा तांडा हा त्याचा मूळ अर्थ असून हिंदी-उर्दूतील 'कारवाँ' हा त्याच कुळातील शब्द आहे. इंग्रजीत हा शब्द पुढे आच्छादित गाडीसाठी आणि त्यानंतर चाकांवरील घरासाठी रूढ झाला. पर्यटन कॅरॅव्हॅनला स्वतःचे इंजिन नसते. इंजिन असलेले निवासी वाहन आणि एकाच जागी कायम उभे ठेवलेले चाकांवरील घर हे दोन्ही प्रकार तिच्याहून वेगळे होत.

मराठीत जीर्णोद्धार हा शब्द मुख्यतः मंदिरांच्या संदर्भात वापरला जातो, आणि जुनी वास्तू उतरवून तिच्या जागी नवी बांधणे हेही त्यात कधी कधी अभिप्रेत असते. येथे तो मूळ वस्तू शक्य तितकी राखून केलेली दुरुस्ती या मर्यादित अर्थाने योजला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

केवळ सहलीसाठी बांधवून घेतलेली आरंभीची कॅरॅव्हॅन म्हणून 'वाँडरर' ही घोडागाडी प्रसिद्ध आहे. लेखक आणि नौदलातील निवृत्त वैद्य विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ती ब्रिस्टल येथे बांधण्यात आली. स्टेबल्स यांनी १८८५मध्ये तिच्यातून इंग्लंड ते स्कॉटलंड असा सुमारे १,३०० मैलांचा प्रवास केला व पुढील वर्षी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९०७मध्ये ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना झाली. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९मध्ये, बर्मिंगहॅमच्या एकल्स या कंपनीने मोटारीने ओढण्याच्या कॅरॅव्हॅनचे व्यापारी उत्पादन सुरू केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी व पगारी सुट्ट्या सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागल्या, तशी कॅरॅव्हॅनची मागणी वाढली. सॅम अल्पर यांच्या स्प्राइट कॅरॅव्हॅन स्वस्त आणि हलक्या होत्या, तर कारलाइटसारखे उत्पादक उंची लाकूडकामासाठी ओळखले जात. कमी किमतीच्या गाडीत हार्डबोर्ड आणि रंग, तर महाग गाडीत सुंदर रेषांचे प्लायवूड आणि चकचकीत पॉलिश, असा भेद अंतर्भागात स्पष्ट दिसतो. म्हणून जीर्णोद्धारात 'उत्तम' साहित्य वापरणे नेहमीच योग्य ठरत नाही. साध्या गाडीला महोगनीचा साज चढवला, तर ती कोणासाठी बांधली होती, ही माहितीच पुसली जाते.

अंतर्भागाची रचना

या कॅरॅव्हॅनचा पाया लोखंडी चौकटीचा असतो. तिच्यावर लाकडी जमीन आणि बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केलेला असतो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा हार्डबोर्ड, आतून पातळ प्लायवूड किंवा हार्डबोर्ड, आणि दोहोंमधील पोकळीत काचतंतूंचे अथवा अन्य उष्णतारोधक अस्तर, अशी भिंतीची सर्वसाधारण घडण होती. काही गाड्यांत ही पोकळी रिकामीच असे. काही जुन्या नमुन्यांत छताचा मधला भाग उंचावून त्याच्या दोन्ही बाजूंना लहान खिडक्या बसवीत. त्यामुळे आत उजेड येई आणि उभे राहण्यास पुरेशी उंची मिळे.

जागा अपुरी असल्याने एकाच वस्तूकडून दोन कामे घेणे हे या रचनेचे मुख्य सूत्र होते. समोरासमोरील दोन बाकांमधले टेबल खाली उतरवले की त्याच जागी दोघांची शय्या तयार होई. बाकाखाली सामानाची पेटी आणि शेगडीवर झाकण टाकून केलेला ओटा हीही त्याचीच उदाहरणे होत. टेबल व ओट्यावर फॉर्मायकाचा, म्हणजे भारतात सनमायका या नावाने परिचित असलेल्या प्रकारचा, थर दिला जाई. प्रकाशासाठी वायूवर चालणारे जाळीचे दिवे असत. त्यांचे तत्त्व आपल्याकडील गॅसबत्तीच्या जाळीसारखेच होते.

दुरुस्तीच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, आतील कपाटे आणि आडभिंती केवळ सोयीसाठी नसतात. त्या सांगाड्याला आधार देतात. दुसरी अशी की, अनेक कारखान्यांत बाहेरचा पत्रा चढवण्यापूर्वीच लाकडी सामान बसवून ते सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूने स्क्रूने पक्के केले जाई. अशा गाडीत आतून कितीही शोधले तरी स्क्रूचे डोके सापडत नाही. पत्रा काही अंशी सैल करावा लागतो. ही रचना न ओळखता कपाट ओढून काढल्यास जुने प्लायवूड फाटते.

ऱ्हासाची कारणे

अंतर्भागाच्या नाशाचे प्रमुख कारण पाणी हे आहे. पत्र्यांचे कोपऱ्यातील सांधे, तंबू अडकवण्याची पट्टी, छतावरील झरोका आणि खिडक्यांची रबरे यांखालील लवचीक लुकण कालांतराने सुकून तडकते. तेथून शिरलेले पाणी सांगाड्याच्या आधाराने खाली उतरते. त्यामुळे ओलीचा डाग खालच्या कोपऱ्यात दिसतो आणि गळतीचे मूळ छतापाशी असते. केवळ डाग पडलेला तुकडा बदलल्यास नवा तुकडाही कुजतो.

लाकडातील आर्द्रता दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिली, तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पोषक स्थिती निर्माण होते. आर्द्रतामापकाने हे प्रमाण तपासता येते. मात्र यंत्राचा आकडा लाकडाची जात, तापमान आणि मोजण्याची जागा यांवर अवलंबून असतो. म्हणून एकाच आकड्यावर विसंबण्याऐवजी अनेक ठिकाणच्या नोंदींची तुलना केली जाते. टोचणीच्या अग्राने दाबल्यावर लाकूड मऊ लागणे, प्लायवूडचे थर सुटणे, कुबट वास येणे आणि स्क्रू फिरवल्यावर पकड न लागणे ही इतर लक्षणे होत.

पाण्याचा दुसरा मार्ग आतूनच येतो. श्वासोच्छ्वास आणि स्वयंपाक यांतून निघालेली वाफ थंड पत्र्यावर व एकेरी काचेवर दवासारखी जमते. गाडी हिवाळाभर हवाबंद ठेवल्यास गाद्यांच्या खालच्या बाजूस बुरशी धरते.

कामाचा क्रम

नोंद. काहीही उकलण्यापूर्वी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे, मापे आणि रेखाटने केली जातात. काढलेल्या प्रत्येक भागाला क्रमांक दिला जातो. बिजागरीच्या पट्टीखाली मूळ रंगाचा थर आणि गादीच्या शिवणीत दुमडलेल्या कापडात न विटलेला मूळ रंग अनेकदा टिकून असतो. हे पुरावे एकदा नष्ट झाले की परत मिळत नाहीत. कुजलेला तक्ताही नवा तक्ता कापून होईपर्यंत जपून ठेवावा लागतो, कारण गाडीच्या वळणदार भिंतीचा अचूक साचा तोच असतो.

उकल. सर्व सामान एकदम बाहेर काढल्यास सांगाडा झुकण्याची भीती असते. गाडी समतल जमिनीवर टेकूंवर उभी करून, आत तात्पुरते आडवे-उभे आधार लावून, एका वेळी एकच बाजू उघडणे सुरक्षित असते.

वाळवणे व गळती थांबवणे. ओले लाकूड खेळत्या हवेत हळूहळू वाळवतात. तीव्र उष्णता दिल्यास प्लायवूड वाकते आणि वरचा थर सुटतो. बाहेरील सांध्यांतील जुने लुकण खरवडून तेथे न सुकणारे ब्युटाइल लुकण भरले जाते. आतील तक्ते बसवण्यापूर्वी पाण्याचा फवारा मारून गळती पुन्हा तपासतात. या टप्प्यावर केलेली घाई पुढील सर्व कामावर पाणी पाडते.

सांगाडा. कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तेथे नवा तुकडा तिरप्या सांध्याने जोडतात. तिरकस काप लाकडाच्या जाडीच्या सुमारे आठपट लांब ठेवल्यास चिकटवण्यास पुरेसे क्षेत्र मिळते. तांबेयुक्त रसायन मुरवलेले लाकूड ॲल्युमिनियमला लागून वापरू नये. ओल असताना तांब्यामुळे पत्रा खाल्ला जातो. लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्या संपर्कातही अशीच झीज होते.

भिंती आणि छत. नवे तक्ते बसवण्यापूर्वी तारा व नळ्यांचे मार्ग ठरवले जातात, कारण नंतर भिंत पुन्हा उघडावी लागते. पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचे प्लायवूड निवडले, तरी त्याच्या कापलेल्या कडांवर रोगण देणे आवश्यक असते, कारण पाणी प्रथम कडांतूनच शिरते.

लाकडी सामान आणि पॉलिश. जुने पॉलिश काढण्यापूर्वी ते कोणते आहे हे पाहिले जाते. दडलेल्या जागी स्पिरिटचा बोळा लावल्यावर थर विरघळला, तर ते लाखेचे पॉलिश असते. थिनरने विरघळल्यास सेल्युलोजचे लॅकर असण्याचा संभव असतो. लाखेचे पॉलिश नुसते स्वच्छ करून त्यावर नवे हात दिले, तरी पुष्कळदा पूर्ववत होते. प्लायवूडचा दर्शनी थर अत्यंत पातळ असल्याने त्यावर घासण्याचे यंत्र चालवल्यास काही क्षणांत खालचा थर उघडा पडतो. पॉलिशपेपरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हाताने घासणेच इष्ट असते.

गाद्या, पडदे आणि जमीन. जुना रबरी फोम कडक होऊन त्याचा भुगा होतो. तो बदलावाच लागतो. जुनी खोळ उसवून तिच्या तुकड्यांवरून नवे कापड बेतल्यास मूळ आकार व शिवणीची ठेवण राखता येते. ब्रिटनमध्ये १९८८च्या नियमांनी फर्निचरचे भरणद्रव्य आणि कापड यांना अग्निरोधाच्या कसोट्या लागू केल्या. त्यांची कक्षा कॅरॅव्हॅनमधील गाद्यांपर्यंत पोहोचते. मात्र १९५०पूर्वी तयार झालेले फर्निचर त्यांतून वगळलेले आहे. जमिनीवरील लिनोलियम काढताना खालचे प्लायवूड, विशेषतः दारापाशी आणि मोरीच्या कपाटाखाली, तपासले जाते.

वजनाचा प्रश्न

घराच्या दुरुस्तीत गौण असलेली बाब येथे निर्णायक ठरते. प्लायवूडची घनता घनमीटरला सुमारे ६०० किलोग्रॅम धरली, तर ३ मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचे वजन चौरस मीटरला १.८ किलोग्रॅम आणि ६ मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचे ३.६ किलोग्रॅम होते. २० चौरस मीटर भिंतीसाठी जाड तक्ता वापरल्यास एकट्या अस्तराने ३६ किलोग्रॅम वजन वाढते. जड कपाटे, फरशा आणि विजेची उपकरणे यांची त्यात भर पडल्यास आस, टायर आणि ब्रेक यांवर मूळ आराखड्यापेक्षा अधिक भार येतो. वजन मागे किंवा एका बाजूस एकवटल्यास गाडी वेगात डोलू लागते. म्हणून काम संपल्यावर गाडी काट्यावर तोलणे आवश्यक असते.

सुरक्षितता

शेगडी व दिव्यांसाठी वापरला जाणारा द्रवीभूत वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून कॅरॅव्हॅनच्या जमिनीत कायमची उघडी छिद्रे ठेवलेली असतात. थंड वारा येतो म्हणून ती बुजवणे धोक्याचे असते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. तो रंगहीन व गंधहीन असल्याने झोपलेल्या माणसांना त्याची चाहूल लागत नाही. वायूच्या जुन्या रबरी नळ्या बदलणे, जोडणी अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेणे आणि सूचकयंत्र बसवणे ही कामे मूळ स्वरूपाच्या आग्रहासाठी टाळता येत नाहीत. जुने वायुदिवे जागेवर ठेवून त्यांच्या काचेआड कमी दाबाचे विजेचे दिवे बसवणे हा यातील मध्यम मार्ग आहे.

जुन्या गाड्यांत शेगडी व उष्णकामागे ॲस्बेस्टॉसचे तक्ते आढळू शकतात. ब्रिटनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरील बंदी १९९९मध्ये आली. तोपर्यंत त्याचा वापर चालू होता. असा तक्ता कापू, घासू किंवा छिद्रित करू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते.

अन्य देशांतील बांधणी

वरील पद्धती सर्वच कॅरॅव्हॅनना लागू पडत नाहीत. अमेरिकेतील एअरस्ट्रीमची बांधणी विमानाप्रमाणे ॲल्युमिनियमच्या कमानी व रिव्हेटने जडलेल्या पत्र्याची आहे. तिच्यात भिंतीपेक्षा प्लायवूडच्या जमिनीचा, विशेषतः मागील कडेचा, कुजण्याचा दोष अधिक आढळतो. जर्मनीच्या एरिबा टूरिंग गाड्यांना पोलादी नळ्यांचा सांगाडा असल्याने तेथे लाकडाच्या कुजण्याबरोबर गंजाचाही विचार करावा लागतो.

मूळ स्वरूप आणि आधुनिक सोय

किती राखावे आणि किती बदलावे, याविषयी दोन भूमिका दिसतात. काही मालक आतील सर्व सामान काढून पांढरा रंग, नवे कापड आणि आधुनिक उपकरणे बसवतात. यामुळे गाडी वापरात राहते व भंगारात जाण्यापासून वाचते, असा त्यांचा युक्तिवाद असतो. दुसऱ्या भूमिकेनुसार, एका विशिष्ट काळातील सामान्य कुटुंब कसे झोपत, जेवत आणि सुट्टी घालवत असे, याची साक्ष अंतर्भागातच असते. बाहेरचा पत्रा पुन्हा रंगवता येतो. पण पन्नास-साठ वर्षे हाताळलेले लाकूड एकदा फेकून दिले की नवे आणून ती साक्ष परत मिळत नाही.

वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात १९६४च्या व्हेनिस सनदेने या प्रश्नाची तत्त्वे मांडली. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची टुरिन सनद त्याच विचाराला वाहनांच्या क्षेत्रात पुढे नेते. या विचाराचा कॅरॅव्हॅनपुरता व्यावहारिक अर्थ असा घेता येतो : दुरुस्त होणारा भाग बदलू नये, नवा भाग पुढे काढता येईल अशा रीतीने बसवावा, आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवावी. जुन्या खोळीचा तुकडा, मूळ रंगाचा नमुना आणि कामाची छायाचित्रे गाडीसोबतच ठेवल्यास पुढील मालकाला मूळ काय आणि नंतरचे काय, हे ओळखता येते.