गोष्टीतली वळणं (९) : मुठीतल्या अक्षता

हरवलेल्या पत्राबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या. गेल्या आठवड्यातला लग्नमांडवावरचा लेख वाचून लाखांदूरच्या एका ताईंनी विचारलंय, की नाटकात लग्नच का मोडतं? आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटकही त्याच रात्री असतं, मग वळण मंडईत का येत नाही?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली नाटकं मी पहाटेपर्यंत जागून पाहिली आहेत, बहुतेक वडशाच्या मंडळ्यांची. लग्नाचा प्रवेश आला की मी रंगमंच सोडून समोर बसलेल्या बायांकडे बघतो. मंगलाष्टकं सुरू झाली की कुणाची तरी मूठ मिटते. अक्षता नसतात, तरी मिटते. आता काय होणार, हे त्या मुठीला पाठ असतं, आणि नाटककार नेमका तिथेच घाव घालतो.

पण घाव कशाचा? मांडवात पोलीस शिरले की लग्न थांबतं खरं, मात्र ते वळण उसनं. देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’त म्हाताऱ्या भुजंगनाथाचं लग्न थांबतं ते वधूवर सगोत्र निघतात म्हणून. ज्या शास्त्राच्या आधारानं लग्न लागायचं, त्याच शास्त्रानं ते मोडलं. सोहळ्याचा नियमच सोहळ्यावर उलटावा, याहून चोख वळण मला माहीत नाही.

सोहळाच सोहळ्यावर कसा उलटतो, हे बघायचं तर रामायणातली मंथरा आठवा. वाल्मीकींची मंथरा गच्चीवर जाते, सजलेली अयोध्या बघते आणि ही सजावट कशासाठी म्हणून विचारते. आनंदाची तोरणंच तिला बातमी देतात. कैकेयी तर रामाच्या अभिषेकाचं ऐकून खूश होते, मंथरेला दागिना देते! आणि अभिषेक उद्यावर आलेला, म्हणून जे करायचं ते आज रात्रीच. सोहळ्याची तिथी नसती तर कैकेयीनं चार दिवस विचार केला असता आणि रामायण तिथेच संपलं असतं.

आता मंडई. तिला मुहूर्त नाही, म्हणून ती मोडता येत नाही. मंडईत रंगलेला दंडारीचा खेळ अर्ध्यावर थांबला तर लोक चहा प्यायला जातील. पण लग्नाला आमंत्रणाची यादी असते, मंडईला नसते. भाऊबीजेला आलेली लेक, तिचा नवरा, सोयरीक बघायला आलेले पाहुणे, दहा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला माणूस, सगळे एकाच गर्दीत. हलका धान निघालेला असतो, म्हणून सावकारही येतो. एरवी जो योगायोग वाचकाला पटणार नाही, तो मंडईत पटतो. दंडारीच्या कडेला दोन जुने वैरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तर कुणी विचारत नाही की हे इथे कसे.

म्हणून ताई, माझा कौल असा: मोडायचं असेल तर लग्न, गाठ घालायची असेल तर मंडई. दोन्ही एकाच कथेत हवं असेल तर मंडई आधी घ्या.

तुमच्या गावच्या मंडईत अशी नको असलेली गाठ पडली असेल तर नावं बदलून लिहून पाठवा. पत्राचं पुढच्या आठवड्यात, नक्की.